खाऱ्या हवेत सूर धरणारं मॉड्यूल

आषाढात वेंगुर्ल्याला पापडाचा डबा उघडा राहिला तर तासाभरात पापड मऊ पडतो. सर्किटबोर्डाचंही तेच होतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. युरोरॅकची, म्हणजे सिंथेसायझरचे सुटे भाग (मॉड्यूल) एका रॅकमध्ये जोडण्याची, पद्धत घालून दिली म्युनिकजवळच्या ग्रेफेलफिंगमधल्या डोएपफर कंपनीने, १९९६ च्या सुमारास ए-१०० ही मालिका काढून. मापं, व्होल्टेज, जॅक सगळं तिथून आलं आणि ते उत्तमच आहे. पण त्या पद्धतीवर बेतलेले जे आराखडे फिरतात, ते बोर्ड कोरडा असतो असं धरून चालतात. मालवण-देवगडच्या जुलैत तसं धरता येत नाही. मे महिन्यात नीट लावलेला ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग, पावसात खालच्या सप्तकात सूर सोडतो. भाग तपासले तर सगळे धडधाकट निघतात. दोष ओल्या फ्लक्सचा (सोल्डर करताना लावलेल्या द्रव्याच्या उरलेल्या थराचा) आणि त्यावर बसलेल्या मिठाचा असतो.

तेव्हा इथे एका नव्या मॉड्यूलचा आराखडा मांडतो: सा, खर्ज, वरचा सा आणि सोबत पंचम किंवा मध्यम धरून ठेवणारं ड्रोन मॉड्यूल. पॅनलवर 'सी शार्प' वगैरे नको. भजनाच्या डबलबारीत बुवा पेटीवाल्याला ज्या भाषेत पट्टी सांगतात, ती भाषा हवी: काळी एक, काळी दोन, पांढरी चार.

गळतीचा हिशेब आधी

समजा ऑसिलेटरच्या टायमिंग कपॅसिटरच्या टोकाशेजारून १२ व्होल्टचा ट्रॅक गेला आहे आणि दोघांमधल्या ओलसर थराचा रोध १ गिगाओम आहे. आकडा अवाढव्य वाटतो, पण त्यातून १२ नॅनोअँपिअर वाहतात. आता साध्या करवती तरंगाच्या ऑसिलेटरला किती प्रवाह लागतो ते बघा. क्षमता गुणिले व्होल्ट गुणिले वारंवारता. कपॅसिटर १ नॅनोफॅरड, तरंग ५ व्होल्टचा आणि सा काळी एकचा, म्हणजे १३८.६ हर्ट्झ. प्रवाह आला ०.६९ मायक्रोअँपिअर. त्यात १२ नॅनो म्हणजे १.७ टक्के. सुरात मोजलं तर ३० सेंट, जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर. एवढं बेसूर कुणालाही कळतं.

तोच ऑसिलेटर बारापट वेगाने, १६६३ हर्ट्झवर चालवला तर प्रवाह ८.३ मायक्रोअँपिअर होतो आणि तीच गळती अडीच सेंटांवर येते. या मॉड्यूलचा सगळा बेत या एका गोष्टीवर उभा आहे. ऑसिलेटर एकच, तो वेगात पळवायचा आणि सगळे सूर त्याला भागून काढायचे.

कुणी म्हणेल, कपॅसिटर बारापट मोठा घेतला की तेवढाच प्रवाह मिळतो. बरोबर आहे. पण १२ नॅनोफॅरडचा स्थिर जातीचा कपॅसिटर महाग आणि आकाराने मोठा. शिवाय पंचमासाठी दुसरा ऑसिलेटर लागणारच, आणि दोन वेगळे ऑसिलेटर पावसाळ्यात दोन वेगळ्या दिशांना सरकतात.

बाराने भागा

मूळ ऑसिलेटर साच्या बारापट ठेवला की १२ ने भागून सा, ६ ने वरचा सा, २४ ने खर्ज, ८ ने पंचम आणि ९ ने मध्यम मिळतो. बारा भागिले आठ म्हणजे दीडपट, बारा भागिले नऊ म्हणजे चार-तृतीयांश. दोन्ही शुद्ध गुणोत्तरं. पेटीतला समान अंतराचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा २ सेंट खाली असतो. काळी एकच्या साचा तिसरा आणि त्या पंचमाचा दुसरा हार्मोनिक (पटीतला उपस्वर) यांच्यात ०.४७ हर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक लाट. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ती लाट नको असते. भागाकाराने काढलेल्या पंचमात ती येऊच शकत नाही. हवा बदलली तर सगळे सूर मिळून सरकतील, आपसातलं अंतर मात्र हलणार नाही.

चिप साधेच आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारे: ठोके मोजणारे सीडी ४०१७ दोन आणि सीडी ४५२० एक, कडा स्वच्छ करणारा सीडी ४०१०६ एक. पहिल्या ४०१७ चा '३' हा आउटपुट रीसेटला जोडा, तीनने भागाकार झाला. त्याचा '०' आउटपुट ४५२० च्या एका अर्ध्या भागाला द्या. तिथे ओळीने ६, १२ आणि २४ चे भागाकार मिळतात. ४५२० चा दुसरा अर्धा भाग थेट मूळ ऑसिलेटरवर, त्यातून २, ४ आणि ८. दुसऱ्या ४०१७ चा '९' आउटपुट त्याच्या रीसेटला जोडला की नवाने भागाकार.

इथे एक खड्डा आहे. ४०१७ ला 'कॅरी आउट' नावाचा पाय असतो आणि तो चौकोनी तरंगासाठी सोयीचा वाटतो. तो शून्य ते चार या मोजणीला वर राहतो आणि पाचपासून पुढे खाली. नवाच्या भागाकाराला तो चालतो, तरंग पाच भाग वर आणि चार भाग खाली असा येतो. पण तीनच्या भागाकारात मोजणी पाचपर्यंत पोचतच नाही. कॅरी कायम वर, पुढचं सगळं मुकं. तीनसाठी '०' चाच पाय घ्यायचा.

दुसरा खड्डा घड्याळाच्या कडेचा. ४०१७ च्या क्लॉकला आतच श्मिट ट्रिगर (रेंगाळणारी कड झटकन पालटवणारी जोडणी) आहे, ४५२० ला नाही. रेंगाळणारी कड मिळाली तर ४५२० एकाच ठोक्याला दोनदा मोजतो आणि पंचम भलतीकडे उडी मारतो. म्हणून मूळ ऑसिलेटरच्या कम्पॅरेटरचा (ठराविक व्होल्टला उडणाऱ्या भागाचा) पल्स आधी ४०१०६ च्या एका गेटमधून काढा. त्याचे उरलेले पाच इनपुट जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, बांधा. अशा सीमॉस चिपचा मोकळा इनपुट कुठेच वाईट, दमट हवेत तर तो शेजारच्या ट्रॅकचं ऐकून नाचतो.

नुसता चौकोनी तरंग कानाला पोकळ लागतो. सा आणि वरचा सा यांचे आउटपुट १०० आणि २०० किलोओममधून ऑपअँपवर (वर्धक चिपवर) एकत्र करा, चार पायऱ्यांचा करवती तरंग तयार होतो. फीडबॅकला ५६ किलोओम घेतलं की पातळी दहा व्होल्टांच्या आसपास येते. पंचमासाठी ८, ४ आणि २ चे आउटपुट अनुक्रमे १००, २०० आणि ३९० किलोओममधून, फीडबॅक ४७ किलोओम. मध्यम एकाच तरंगाचा असल्याने त्याला ५६ किलोओममधून आणा, म्हणजे पातळी पंचमाला जुळते. त्याचा रंग थोडा पातळ राहतो, ते मान्य करून टाका. पुढे १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, मग जमिनीला १०० किलोओम, मग जॅकपर्यंत १ किलोओम. पायऱ्यांचा कर्कशपणा कुठलाही लो-पास फिल्टर खाऊन टाकतो.

मूळ ऑसिलेटर

याचा तरंग कुठेच ऐकू येत नाही, फक्त ठोके मोजले जातात. त्यामुळे रूपाची चिंता नाही, वेळ अचूक हवी. टीएल ०७२ या दुहेरी ऑपअँपचा एक अर्धा भाग इंटिग्रेटर (प्रवाह साठवत व्होल्ट चढवणारा), एलएम ३११ कम्पॅरेटर, आणि कपॅसिटर रिकामा करायला जे ११३ जातीचा जेफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर). एलएम ३११ चा कलेक्टर मोकळा असतो, त्याला ४.७ किलोओमने १२ व्होल्टवर ओढा.

इंटिग्रेटर घेण्यामागे खास कारण आहे. त्याचा उलटा इनपुट नेहमी शून्य व्होल्टवर असतो. त्याभोवती जमिनीच्या तांब्याचं कडं काढलं, वरचा हिरवा थर त्या कड्यावरून काढून टाकला, आणि जेफेट व कपॅसिटरचं त्या बाजूचं टोक कड्याच्या आत घेतलं, की कडं आणि इनपुट दोन्ही एकाच व्होल्टवर राहतात. मग दोघांमध्ये ओल असली तरी प्रवाह ढकलायला व्होल्टच उरत नाही. बाहेरच्या १२ व्होल्टकडून येणारी गळती कड्यातच जिरते. या कड्याला वेगळा पैसा लागत नाही, आखणी करताना दहा मिनिटं जास्त लागतात. तरीही कित्येक बोर्डांवर ते दिसत नाही.

संदर्भ व्होल्टेजसाठी एलएम ४०४०, ५ व्होल्टचा, १२ कडून २.२ किलोओममधून. एक्स्पोनेन्शिअल जोडीचा (व्होल्ट ठराविक वाढला की प्रवाह दुप्पट करणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांचा) संदर्भ प्रवाह याच ५ व्होल्टकडून ४९९ किलोओममधून काढा, म्हणजे १० मायक्रोअँपिअर. कम्पॅरेटरची पातळीही याच ५ व्होल्टची. दोन्हीकडे एकच संदर्भ असल्याने तो थोडा सरकला तरी प्रवाह आणि पातळी सोबत बदलतात आणि वारंवारता जागेवर राहते. १ नॅनोफॅरडवर १० मायक्रोअँपिअर म्हणजे २००० हर्ट्झ, बाराने भागून १६७, साधारण पांढरी तीनचा सा. सप्तकाच्या मध्याजवळ हा बिंदू मुद्दाम ठेवलाय, कारण तापमानाने होणारी पट्टीची चूक इथे शून्य असते आणि दोन्ही टोकांकडे वाढत जाते.

ती चूक किती? ट्रान्झिस्टरच्या बेसवर साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले की प्रवाह दुप्पट होतो, पण हा आकडा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के. सकाळी २४ आणि दुपारी ३२ अंश म्हणजे २.७ टक्के. पांढरी सातवर त्याचे १८-१९ सेंट होतात. उपाय जुना आणि खात्रीचा: ऑपअँपकडून येणाऱ्या व्होल्टचा विभाजक ५१ किलोओम, १० किलोओमचा बहुफेरी ट्रिमर (पेचकसाने बारीक फिरवायचा रेझिस्टर) आणि खाली ३३०० पीपीएमचा (दर अंशाला दशलक्षात ३३०० भाग बदलणारा) १ किलोओम तापमान-रेझिस्टर असा करायचा. हा रेझिस्टर ट्रान्झिस्टरच्या जोडीला अक्षरशः चिकटलेला हवा. सेंटीमीटरभर लांब असेल तर पंखा लावल्यावर सूर हलतो. जोडी एकाच पॅकेजमधली घ्या, डीएमएमटी ३९०४ सारखी. सुट्या बीसी ५४७ जुळवून एकत्र चिकटवता येतात, पण वेळेचा हिशेब केला तर ते स्वस्त पडत नाही.

कपॅसिटर सी०जी सिरॅमिक. ३० पीपीएम, आठ अंशांत अर्ध्या सेंटाच्या आत. पॉलिस्टर घेतलात तर चार-पाच सेंट जातील, आणि एक्स७आर जातीचा तर इथे विचारही नको. जुन्या आराखड्यांतला पॉलिस्टायरीन सुरेल असतो, मात्र पुढे बोर्डावर लेप मारायचा आहे आणि लेपाच्या फवाऱ्यातली द्रावणं पॉलिस्टायरीन विरघळवतात.

वेगात चालवण्याची एक किंमत आहे. कपॅसिटर रिकामा व्हायला १ मायक्रोसेकंद लागतो, आणि ३००० हर्ट्झला तो ०.३ टक्के, म्हणजे ५ सेंट खाली ओढतो. कपॅसिटरच्या मालिकेत १ किलोओम टाका, जेफेट मात्र फक्त कपॅसिटरवर राहू द्या. त्या रेझिस्टरवरच्या व्होल्टमुळे कम्पॅरेटर नेमका १ मायक्रोसेकंद आधी उडतो आणि हिशेब मिटतो.

तयार ३३४० ऑसिलेटर चिप का नको? चालेल की. त्याचा गाभा त्रिकोणी तरंगाचा असल्याने कपॅसिटरवरची गळती चढताना जेवढं देते तेवढंच उतरताना काढून घेते, तापमानाची भरपाईही आतच. पण तो मागवावा लागतो, आणि इथल्या कामासाठी त्याचे अर्धे पाय रिकामे राहतात.

पट्टीचा स्विच

बारा टप्प्यांचा फिरता स्विच आणि १ किलोओमचे बारा रेझिस्टर ओळीने. खालचं टोक जमिनीला, वरच्या टोकावर नेमका १ व्होल्ट. ५ व्होल्टकडून तिथे येताना ४८ किलोओम हवेत: ४७ किलोओम आणि २ किलोओमचा ट्रिमर. युरोरॅकमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, तेव्हा प्रत्येक टप्पा ८३.३ मिलिव्होल्टचा, म्हणजे एक अर्धस्वर. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर पुरतात, एकाच फितीतले घेतले तर आणखी बरं. खालून वर नावं: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात.

स्विच एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर कुठेच जोडलेला नसतो आणि पुढच्या बफरचा (व्होल्ट जसाच्या तसा पुढे देणाऱ्या ऑपअँपचा) इनपुट मोकळा पडून सूर किंचाळतो. सवयीने तिथे १ मेगाओम जमिनीला लावायचा मोह होतो. लावू नका. वरच्या टप्प्यांवर या ओळीचा आतला रोध ९ किलोओमपर्यंत जातो, तिथे १ मेगाओमने ८ मिलिव्होल्ट खाली येतात, म्हणजे दहा सेंट. त्याऐवजी १०० नॅनोफॅरड लावा. तो क्षण तेवढा धरून ठेवतो.

स्विच बफरच्या आधी ठेवण्याचा आणखी एक फायदा. चांदीचा मुलामा दिलेले संपर्क इथे काही महिन्यांत काळे पडतात. पण ज्या संपर्कातून प्रवाहच जात नाही, तो शंभर ओमचा झाला काय नि हजारचा झाला काय, सुराला फरक पडत नाही. आखणी करताना प्रत्येक जॅक, स्विच आणि पॉटला हाच प्रश्न विचारा.

पॉवर, पॅनल, स्क्रू

पॉवर दहा पिनांच्या हेडरवर, लाल रेघ उणे १२ कडे. दोन्ही रेलवर (अधिक आणि उणे १२ व्होल्टच्या ओळींवर) १एन ५८१७ डायोड मालिकेत, मग १० ओम, मग २५ व्होल्टचा १० मायक्रोफॅरड, आणि प्रत्येक चिपपाशी १०० नॅनोफॅरड. रिबन उलटी लागली तर डायोड वाचवतो. सूर ठरवणारं काहीही थेट १२ व्होल्टवरून घेऊ नका. लाईट जाऊन इन्व्हर्टर लागला की रेल किंचित हलतात आणि सोबत गुणगुण आणतात.

पॅनलची उंची १२८.५ मिलिमीटर, १२ एचपीसाठी (एचपी हे रॅकमधलं रुंदीचं माप) रुंदी ६०.६. भोकं वरून ३ मिलिमीटरवर, उभं अंतर १२२.५, डाव्या कडेपासून पहिलं ७.५. मागचा बोर्ड १०८ मिलिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर रॅकच्या रेलला अडतो. कोऱ्या ॲल्युमिनियमवर इथे पांढरी पूड धरते, म्हणून ॲनोडाइज्ड किंवा सरळ सर्किटबोर्डाच्याच फायबरचं पॅनल. मला दुसरं पटतं: गंजत नाही आणि देवनागरी अक्षरं बोर्डाच्या छपाईतच येतात. एम३ स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेसचे. ३०४ समुद्राकाठी तपकिरी डाग धरतो. ॲल्युमिनियमच्या रेलमध्ये स्टेनलेस घालताना नायलॉन वॉशर आणि ग्रीसचा ठिपका, नाहीतर दोन धातू आणि खारी हवा मिळून बॅटरीच तयार होते.

धुणं, सुकवणं, लेप

'नो-क्लीन' फ्लक्स हे नाव कोरड्या प्रदेशासाठी आहे. राहिलेला फ्लक्स ओल ओढतो, म्हणून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ताठ ब्रश घेऊन बोर्ड दोनदा धुवा, दुसऱ्यांदा ताज्या अल्कोहोलने. एकदाच धुतलं तर फ्लक्स निघत नाही, पातळ होऊन सगळीकडे पसरतो, आणि बोर्ड आधीपेक्षा जास्त गळतो. जॅक, पॉट आणि स्विच या धुण्यानंतर बसवा. थिनर अजिबात नको.

मग ६० अंशांवर दोन तास. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या पद्धतीचा ४० वॉटचा बल्ब आणि थर्मामीटर पुरतो. पुठ्ठा बल्बला टेकू देऊ नका, आणि खोकं सोडून बाजारात जाऊ नका. स्वयंपाकाचा ओव्हन शिशाच्या सोल्डरसाठी वापरायचा नाही. बोर्ड कोमट असतानाच ॲक्रिलिक लेपाचे दोन पातळ हात. ओल्या बोर्डावर लेप मारला तर ओल आतच कोंडली जाते, आणि ते बिनलेपाच्या बोर्डापेक्षा वाईट. हेडर, ट्रिमर आणि पॅनलच्या भागांच्या जागा आधी कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या टेपने झाका.

सूर लावणं

मॉड्यूल रॅकमध्ये बसवून अर्धा तास चालू ठेवा, मगच ट्रिमरला हात लावा. क्रम महत्त्वाचा. आधी पांढरी एकवर ठेवून बाहेरच्या कीबोर्डवरून एक सप्तक वर-खाली करत विभाजकाचा ट्रिमर फिरवा, वारंवारता नेमकी दुप्पट होईपर्यंत. त्यानंतरच स्विचच्या ओळीचा २ किलोओमचा ट्रिमर. पांढरी एकला मूळ ऑसिलेटर १५६९.७ हर्ट्झ असेल तर पांढरी सातला २९६३.३ हवा. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही ट्रिमर एकमेकांची चूक झाकतात आणि कीबोर्ड जोडल्याबरोबर ती उघडी पडते. मल्टिमीटरने १ व्होल्ट मोजत बसण्यात अर्थ नाही. साध्या मीटरची अर्ध्या टक्क्याची चूक पाच मिलिव्होल्ट, म्हणजे सहा सेंट.

आषाढ-श्रावणात रॅकची वीज बंद ठेवूच नये, हे शेवटी सांगतो, पण खरं तर पहिलं काम हेच. खोलीतली हवा २७ अंश आणि ९० टक्के दमट असेल आणि रॅकच्या आत पाच अंश जास्त असतील, तर आतला दमटपणा ६७-६८ टक्क्यांवर येतो. रॅकची स्वतःची ऊब त्याला बहुतेक वेळा पुरते. उघड्या रॅकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकणं मात्र व्यर्थ. संध्याकाळपर्यंत त्या अरबी समुद्राचंच पाणी पिऊन बसलेल्या असतात.